४७ प्रमाणपत्रं आणि रिकामी चौकट

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात चौदा वर्षं फिजिशियन म्हणून काम केलेल्या एका डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी इंग्लंडमधल्या एका एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात स्पेशालिटी डॉक्टरची, म्हणजे कन्सल्टंटच्या खालच्या पदाची, नोकरी धरली. पहिलं अप्रेजल, म्हणजे कामाचा वार्षिक आढावा, तीन महिन्यांवर आलंय. वेबिनार आणि परिषदांची मिळून ४७ प्रमाणपत्रं त्यांनी ऑनलाइन फाइलमध्ये चढवली, आणि प्रत्येक प्रमाणपत्राखाली 'रिफ्लेक्शन', म्हणजे चिंतन, नावाची एक चौकट रिकामी दिसायला लागली. ते विचारतात: इथे लिहायचं काय? किती लिहायचं? आणि स्वतःच्या चुकीबद्दल प्रामाणिकपणे लिहिलं, तर उद्या तेच माझ्यावर उलटेल का?

मी ॲक्यूट मेडिसिनमध्ये, म्हणजे तातडीनं दाखल होणाऱ्या रुग्णांच्या विभागात, कन्सल्टंट आहे. २००५ साली इथे आलो. गेली नऊ वर्षं स्वतःच्या कामाबरोबर इतर डॉक्टरांची अप्रेजलं घेतो, वर्षाला दहा-बारा. त्यात आपल्याकडून आलेले डॉक्टर बरेच असतात आणि हाच प्रश्न त्यांच्या फाइलमध्ये मला दरवर्षी दिसतो. विचारत मात्र कुणी नाही. चौकटीत 'व्याख्यान फार उपयुक्त होतं' एवढं लिहून मोकळे होतात. तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत.

डॉक्टर, तुमची अडचण भाषेची किंवा लेखनाची आहे असं मला वाटत नाही. नोंद ठेवण्यामागचा हेतूच इथे वेगळा आहे, आणि तो कुणी समजावून सांगितलेला नाही. आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत पाच वर्षांत ३० तासांचं सततचं शिक्षण सांगितलेलं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण त्याच हिशेबावर चालतं. हजेरी लावली, गुण मिळाले, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गेलं. हिशेब तासांचा असल्यामुळे प्रमाणपत्र हाच पुरावा. तिथून परतल्यावर तुम्ही ओपीडीत काय वेगळं केलंत, हे विचारायला त्या व्यवस्थेत जागाच नाही.

इथे जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे जीएमसीने, ३ डिसेंबर २०१२ पासून रीव्हॅलिडेशन सुरू केलं. दरवर्षी अप्रेजल, आणि साधारण पाच वर्षांनी तुमच्या संस्थेचा 'रिस्पॉन्सिबल ऑफिसर' जीएमसीला शिफारस करतो की या डॉक्टरांचा परवाना पुढे चालू ठेवावा. त्यासाठी सहा प्रकारची माहिती लागते: सततचं शिक्षण, कामाचा दर्जा सुधारण्यासाठी केलेले प्रयत्न, गंभीर घटना, सहकाऱ्यांचे अभिप्राय, रुग्णांचे अभिप्राय, आणि तक्रारी व कौतुक. तुमची ४७ प्रमाणपत्रं या सहांपैकी फक्त पहिल्या खणात बसतात. आणि जीएमसीने त्या खणासाठी तासांचा कुठलाही आकडा दिलेलाच नाही. आकडा येतो रॉयल कॉलेजांकडून, म्हणजे इथल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थांकडून: वर्षाला ५०, पाच वर्षांत २५० क्रेडिट्स, एक तास म्हणजे एक क्रेडिट. फिजिशियनांसाठी त्यातले निदान निम्मे स्वतःच्या रुग्णालयाबाहेरचे असावेत अशी अपेक्षा असते. तुमचे तास या हिशेबात आरामात बसत असणार. तासांची काळजी आजपासून सोडून द्या.

या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात 'लेखी द्या' या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. लेखी द्यायचं म्हणजे खुलासा द्यायचा. डीनच्या टेबलावर, किंवा नातेवाईक तक्रार घेऊन आल्यावर, किंवा एखादी मृत्यू-चौकशी लागल्यावर. आपण लिहायला शिकलो ते स्वतःला वाचवण्यासाठी. त्यामुळे इथे कुणी 'तुमच्या कामाबद्दल विचार करून लिहा' म्हटलं की हात आखडतो. एकतर आपण काहीच लिहीत नाही, नाहीतर खुलासा लिहितो: सर्व उपचार नियमांनुसार करण्यात आले. माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली.

माझ्या तिसऱ्या अप्रेजलला एक वयस्कर श्वसनरोगतज्ज्ञ होत्या. मी एका दोन दिवसांच्या परिषदेचं प्रमाणपत्र लावलं होतं आणि खाली लिहिलं होतं की सर्व सत्रं माहितीपूर्ण होती. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे विचारलं, ''मग सोमवारी तुम्ही काय वेगळं केलंत?'' मला उत्तर देता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काहीच वेगळं केलं नसेल तरी चालेल, पण मग तसं लिहा: 'मी करतो ते बरोबर आहे याची खात्री झाली.' तीही नोंदच आहे. त्या दिवसापासून प्रत्येक नोंद करताना मी स्वतःला तो सोमवारचा प्रश्न विचारतो. माझ्यासमोर बसणाऱ्यांनाही तोच विचारतो.

पुढे जाण्याआधी, परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो. फाइल ठेवण्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रस्टचं, म्हणजे रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएस संस्थेचं, वेगळं असतं. कुठे एल२पी, कुठे सार्ड. स्कॉटलंडमध्ये सोर, वेल्समध्ये मार्स. चौकटींची नावं बदलतात, मागणी तीच राहते. काही अप्रेझर प्रत्येक कार्यक्रमाखाली दोन ओळी मागतात. माझ्यासारखे काही जण वर्षभरातल्या सहा-आठ चांगल्या नोंदींवर समाधानी असतात आणि बाकीची यादी फक्त नजरेखालून घालतात. तुमच्या अप्रेझरला आत्ताच एक ईमेल टाकून विचारा, त्यात काही कमीपणा नाही. एजन्सीमार्फत लोकम, म्हणजे तात्पुरती बदली कामं, करणाऱ्यांचा मार्ग थोडा वेगळा असतो, तुमचा नाही. तरी जीएमसीच्या ऑनलाइन खात्यात जाऊन तुमची 'डेझिग्नेटेड बॉडी', म्हणजे तुमच्या अप्रेजलला जबाबदार संस्था, म्हणून तुमच्याच ट्रस्टचं नाव आहे ना, ते आज बघा. नव्या माणसाचं हे जोडायचं राहून जातं आणि मग रीव्हॅलिडेशनची तारीख जवळ आली की धावपळ होते.

आणखी एक. कोविडमध्ये मार्च २०२० ला अप्रेजलं थांबवली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती पुन्हा सुरू झाली तेव्हा कागदपत्रं मुद्दाम कमी केली गेली आणि डॉक्टर स्वतः कसा आहे, थकलाय का, याला जागा दिली गेली. २०२२ च्या मार्गदर्शक नमुन्यातही तेच धोरण आहे. ४७ वेळा चौकट भरा, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ते जुन्या आठवणीवरून सांगताहेत. व्यवस्था त्यापुढे आली आहे.

आता लिहायचं काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरण माझंच आहे. वय, वेळ आणि काही तपशील बदलले आहेत. का बदलले, ते पुढे येईलच.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई रात्री दाखल झाल्या. मूत्रपिंडं आधीच अशक्त, त्यात जुलाब. पोटॅशियम ६.८, ईसीजीत टी लहरी उंच. कॅल्शियम दिलं, मग १० युनिट इन्शुलिन आणि त्याबरोबर २५ ग्रॅम ग्लुकोज. मी स्वतः लिहून दिलं, साडेदहाच्या सुमारास. तासाभरानं बोटातून साखर तपासली गेली, ठीक होती. पोटॅशियमही उतरायला लागलं होतं. मी दुसऱ्या रुग्णाकडे वळलो. रात्री दीड वाजता हेल्थकेअर असिस्टंट पांघरूण सरळ करायला गेली, तर बाईंचा गाऊन घामानं ओला. साखर २.३ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत साधारण ४१. ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत त्या बोलायला लागल्या आणि त्यांना काही इजा झाली नाही. पण त्या असिस्टंटचा हात तिथे त्या वेळी गेला नसता तर काय झालं असतं, हे मी घरी जाताना गाडी चालवत असताना मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी तीन कामं केली, आणि ती तीन ठिकाणी गेली. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. पहिलं, रुग्णाला आणि तिच्या मुलीला काय झालं ते समोर बसून सांगितलं, आणि त्याची नोंद केस पेपरात केली. दुसरं, घटना रुग्णालयाच्या डेटिक्सवर, म्हणजे घटना नोंदवण्याच्या संगणक प्रणालीवर, टाकली: वेळ, मात्रा, आकडे, सगळी वस्तुस्थिती. तिसरं, आठवडाभरानं माझ्या फाइलमध्ये एक रिफ्लेक्शन लिहिलं. त्यात वेळ नव्हती, वॉर्ड नव्हता, बाईंचं वय नव्हतं. वस्तुस्थितीची जागा डेटिक्स आणि केस पेपर. रिफ्लेक्शनची जागा म्हणजे माझ्या डोक्यात काय बदललं त्याची.

ती नोंद मी इंग्रजीत लिहिली होती. मराठीत साधारण अशी होईल:

''पोटॅशियम उतरवताना इन्शुलिन दिलेल्या एका रुग्णाची साखर काही तासांनी धोकादायक पातळीला गेली. मी एका तासानंतरच्या तपासणीवर समाधान मानलं. इन्शुलिनचा परिणाम बरोबर दिलेल्या ग्लुकोजपेक्षा जास्त वेळ टिकतो, आणि मूत्रपिंडं अशक्त असतील तर आणखी लांबतो, हे मला पुस्तकात माहीत होतं, हातात नव्हतं. यूके किडनी असोसिएशनची मार्गसूची पुन्हा वाचली. उपचारापूर्वीची साखर ७ पेक्षा कमी असेल तर त्यानंतर १० टक्के ग्लुकोज ताशी ५० मिली, पाच तास चालू ठेवायचं असतं. या रुग्णात ते लागू होतं आणि मी ते केलं नव्हतं. यापुढे इन्शुलिन लिहितानाच पुढच्या साखर तपासण्यांच्या वेळा लिहीन. हे माझ्या एकट्याचं आहे की युनिटचं, ते बघण्यासाठी मागचे दहा रुग्ण तपासणार आहे.''

एवढीच. पाऊण पान. यात 'मला फार वाईट वाटलं' असं नाही. वाईट वाटलं होतंच. लिहायचं तर एक ओळ जरूर लिहा, पण त्या ओळीवर थांबू नका. 'नर्सिंग स्टाफनं वेळेवर कळवलं नाही' असंही नाही, कारण ते खरं असतं तरी ती त्यांची नोंद झाली असती. आणि मी व्याख्यानातून काय ऐकलं याचा गोषवारा नाही. आपण लोक गोषवारा फार चांगला लिहितो, परीक्षांनी तशी सवय लावली आहे. अप्रेझरला पोटॅशियमवरची टीप नको असते. मीही डॉक्टर आहे, पोटॅशियम मला माहीत आहे.

मागचे दहा चार्ट काढले. दहापैकी सहा जणांची दोन तासांनंतर साखर तपासलेली दिसत नव्हती. म्हणजे दोष माझ्या एका रात्रीचा नव्हता. फार्मासिस्टशी बोलून संगणकावरच्या ऑर्डरमध्ये बदल करून घेतला: इन्शुलिन निवडलं की साखर तपासण्यांच्या वेळा आपोआप त्याला जोडून येतात. तीन महिन्यांनी पुन्हा दहा चार्ट बघितले, तेव्हा एकच सुटला होता. आता मोजा: एका घटनेतून गंभीर घटनेची नोंद झाली, दर्जासुधाराचं काम झालं, आणि मार्गसूची वाचली, त्यावर शुक्रवारच्या बैठकीत ज्युनियर डॉक्टरांना शिकवलं, म्हणून सततच्या शिक्षणाचे काही तासही झाले. सहापैकी तीन खणांत माल आला. यासाठी मला एकाही परिषदेला जावं लागलं नाही.

तुमच्याकडेही अशा घटना आहेत. आठ महिन्यांत एकही नसेल तर मला आश्चर्य वाटेल. चूकच असली पाहिजे असं मुळीच नाही. सोलापुरात तुम्ही डेंग्यू, क्षय, ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा रोज बघितली. इथे तुम्हाला पडून उठू न शकणारे नव्वदीचे आजोबा, त्यांच्या बारा गोळ्या, डिलिरियम, आणि घरी कोण बघणार हा प्रश्न, हे सगळं नवं असेल. पहिल्यांदा एखाद्या रुग्णाशी 'हृदय थांबलं तर पुनरुज्जीवन करायचं नाही' या निर्णयाबद्दल थेट बोललात, तो दिवस आठवा. आपल्याकडे ते आपण मुलाशी बोलतो, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. इथे ते रुग्णाशी बोलावं लागतं, पलंगाशेजारी खुर्ची ओढून. पहिल्या वेळी काय अडलं, दुसऱ्या वेळी काय वेगळं बोललात, कुणाला बघून शिकलात? एवढं लिहिलंत तर ती तुमच्या फाइलमधली सगळ्यात मोलाची नोंद ठरेल, ४७ प्रमाणपत्रांपेक्षा. मी अप्रेझर असतो तर तिच्यावरच अर्धा तास बोललो असतो.

लिहायला सूत्र हवं असेल तर तीन प्रश्न पुरेत: काय झालं, त्याचं काय, आता काय. पहिल्याला दोन ओळी, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला चार. लोक उलट करतात. पहिल्यावर पान भरतात आणि तिसऱ्याला 'अधिक काळजी घेईन'. 'अधिक काळजी घेईन' हे वाक्य मला दिसलं की मी थांबून विचारतो: म्हणजे नेमकं काय करणार? कुठल्या कागदावर, कुठल्या वेळी?

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात खरा: हे माझ्याविरुद्ध वापरलं जाईल का?

ही भीती इथल्या डॉक्टरांनाही आहे आणि तिला एक इतिहास आहे. डॉ. हदीझा बावा-गार्बा यांचा खटला तुम्ही ऐकला असेल. २०११ साली लेस्टरमध्ये एका लहान मुलाचा मृत्यू झाला आणि २०१५ मध्ये या प्रशिक्षणार्थी बालरोग डॉक्टर मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्या. जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचं नाव नोंदवहीतून काढायला सांगितलं, ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्या काळात देशभर अशी समजूत पसरली की त्यांनी स्वतःच्या ई-पोर्टफोलिओत लिहिलेलं चिंतनच त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. त्यांच्या बचाव संस्थेने, म्हणजे डॉक्टरांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेने, नंतर स्पष्ट केलं की तो पोर्टफोलिओ ज्युरीपुढच्या पुराव्यात नव्हता. पण भीती बसायची ती बसली. कितीतरी डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं, आणि मला ते समजू शकतं.

त्यानंतर, सप्टेंबर २०१८ मध्ये, जीएमसी आणि रॉयल कॉलेजांच्या अकादमीसह इतर संस्थांनी मिळून चिंतन कसं नोंदवावं याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती जरूर वाचा, छोटी आहे. तिच्यातला सरळ भाग असा: डॉक्टरची चौकशी करताना जीएमसी त्याच्याकडे रिफ्लेक्शनच्या नोंदी मागत नाही. पण या नोंदींना कायद्याचं खास संरक्षण नाही, आणि न्यायालयाला त्या संबंधित वाटल्या तर ते मागवू शकतं. म्हणून 'काही होणार नाही, बिनधास्त लिहा' असं मी म्हणणार नाही. म्हणेन ते असं: रुग्ण ओळखता येईल असं काही लिहू नका. नाव-नंबर तर नाहीच, तारीख, वॉर्ड, दुर्मीळ निदान, 'अमुक गावचे निवृत्त पोस्टमन' असंही नाही. एका छोट्या रुग्णालयात एका दुर्मीळ निदानावरून माणूस लगेच ओळखू येतो. घटनेचा तपशील जिथे असायला हवा तिथेच ठेवा. तुमच्या नोंदीत शिकणं असू द्या. मृत्यू झाला असेल, कॉरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी असेल किंवा तक्रार चालू असेल, तर आधी तुमच्या बचाव संस्थेला, एमपीएस किंवा एमडीयू जे काही घेतलं असेल त्यांना, फोन करा आणि मग लिहा. किंवा लिहूच नका. अप्रेझरशी तोंडी बोला आणि 'या विषयावर चर्चा झाली' एवढीच ओळ ठेवा. ते पूर्णपणे मान्य आहे.

हे सगळं पाळून लिहिलेली नोंद तुम्हाला अडचणीत आणण्यापेक्षा सांभाळण्याची शक्यता जास्त. मी एका सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीच्या चौकशीत बघितलंय: त्यांच्याकडे घटना घडल्यानंतर सहा आठवड्यांनी केलेली नोंद होती, त्यात काय बदललं ते लिहिलं होतं, आणि बदल खरोखर झाल्याचा कागद होता. चौकशी करणाऱ्यांना हवा असतो तो 'हा डॉक्टर यातून शिकला का' याचा अंदाज. तो कागदावर आधीच होता.

रोजच्या कामात हे बसवायचं कसं? वर्षअखेरीला बसून आठवायचं ठरवलंत तर होणार नाही, माझंही झालं नाही. मी फोनमध्ये एक साधी नोट ठेवतो. राउंड संपल्यावर काही खटकलं किंवा नवीन कळलं की एक ओळ, कधी मराठीतच. 'गुडघा सुजलेला, मी गाउट म्हटलं, रजिस्ट्रारनं सुई घातली, पू.' एवढीच. नाव नाही, काही नाही. शुक्रवारी दुपारी वीस मिनिटं ती यादी काढतो. दहा ओळींतल्या आठ पुसून टाकतो, दोन नीट लिहितो. तुमच्या करारात आठवड्याला निदान एक एसपीए, म्हणजे रुग्णसेवेबाहेरच्या व्यावसायिक कामाचे चार तास, याच कामासाठी असायला हवेत. जॉब प्लॅन काढून बघा. ते तास वॉर्डात जात असतील तर अप्रेजलमध्येच तो मुद्दा मांडा. अभ्यासासाठीची रजाही तीन वर्षांत ३० दिवस असते, आणि आपल्याकडचे डॉक्टर ती मागायला संकोचतात म्हणून वाया जाते. मागा.

प्रमाणपत्रांचं काय करायचं? टाकू नका. एक साधी यादी करा: तारीख, विषय, आयोजक, तास. ४७ मधून सात निवडा, जी तुमच्या आत्ताच्या कामाशी थेट जोडलेली आहेत, आणि फक्त त्यांच्याखाली लिहा. या अप्रेजल वर्षातली सोलापूरची असतील तीही चालतील, तुमच्याच शिकण्याचा भाग आहेत. उरलेल्यांना एकत्र एक ओळ. आग विझवण्याचं, वजन उचलण्याचं सक्तीचं प्रशिक्षण यात घुसवू नका, ते नोकरीसाठी आहे. शिकवण्याची तयारी जरूर धरा, पण एकच व्याख्यान पाच वेळा दिलं तर पहिल्याचेच तास. आणि तुम्ही कामाच्या बाहेर काही वैद्यकीय करत असाल, शनिवारी एखाद्या मंडळाच्या शिबिरात रक्तदाब तपासता, क्रिकेट क्लबचे डॉक्टर आहात, तर तेही सांगा. अप्रेजल तुमच्या संपूर्ण कामाचं असतं, फक्त पगाराच्या कामाचं नाही. हे लपवायचा हेतू कुणाचाच नसतो, पण राहून गेलं तर नंतर फार वाईट दिसतं.

आता जरा लांबचं. एमडी आणि चौदा वर्षांचा अनुभव असलेला माणूस स्पेशालिटी डॉक्टर म्हणून कायमचा थांबेल असं मला वाटत नाही. कन्सल्टंट व्हायचं असेल तर इथलं औपचारिक प्रशिक्षण न घेता स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे जीएमसीच्या तज्ज्ञांच्या यादीत, जायचा मार्ग आहे. पूर्वी त्याला सीईएसआर म्हणत, ३० नोव्हेंबर २०२३ पासून पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात. तिथे लागतात ते कागद म्हणजे हेच: केस चर्चा, ऑडिट (म्हणजे चार्ट काढून केलेली स्वतःच्या कामाची तपासणी), शिकवल्याचे अभिप्राय, चिंतनाच्या नोंदी, सगळे अलीकडचे, रुग्णाची ओळख काढून टाकलेले, आणि वरिष्ठांनी तपासलेले. मी या मार्गानं जाताना धडपडलेले डॉक्टर बघितलेत. काम त्यांनी उत्तम केलेलं असतं, पण चार वर्षांपूर्वीच्या ऑडिटवर सही करणारा कन्सल्टंट निवृत्त होऊन गेलेला असतो. म्हणून प्रत्येक कागदावर सही आणि तारीख त्याच महिन्यात घ्या. अप्रेजलच्या शेवटी जो वैयक्तिक विकास आराखडा करावा लागतो, त्यात या वर्षी दोनच गोष्टी लिहा, पण नेमक्या. 'अल्ट्रासाउंड शिकणे' नको. 'ॲक्यूट मेडिसिनच्या अल्ट्रासाउंडच्या फेमस (FAMUS) मान्यतेसाठी पर्यवेक्षक शोधणे आणि पहिल्या सहा महिन्यांत फुफ्फुसांचा भाग पूर्ण करणे' असं. पुढच्या वर्षी हाच आराखडा उघडून तुम्हाला विचारलं जाणार आहे.

आणि परत जायचा विचार मनात थोडाही असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी जिवंत ठेवा. पाच वर्षं इथल्या धावपळीत कुठे जातात कळत नाही.

तुमच्या पुढच्या तीन महिन्यांचं सांगतो. या आठवड्यात डेझिग्नेटेड बॉडी तपासा, अप्रेझरला ईमेल करा आणि प्रमाणपत्रांची यादी करा. पहिल्या महिन्यात चार नोंदी लिहा, त्यातली एक तरी प्रमाणपत्र नसलेल्या दिवसाची. दुसऱ्या महिन्यात एक छोटं ऑडिट, दहा-पंधरा चार्टांचं, तुमच्याच प्रश्नावरचं. सहकारी आणि रुग्णांचे अभिप्राय पाच वर्षांच्या चक्रात एकदा लागतात, या वर्षी घाई नाही. पण आभाराचं कार्ड किंवा ईमेल आलेलं असेल तर नाव झाकून लावा. तेही त्या सहा खणांतलं आहे, आणि आपली माणसं ते कधीच लावत नाहीत. फाइल दोन आठवडे आधी पाठवा, म्हणजे अप्रेझर ती वाचून येईल.

त्या दिवशी दोन तास मोकळे ठेवा आणि ब्लीप (रुग्णालयाचा पेजर) दुसऱ्याकडे द्या. खोलीत बसल्यावर बहुतेक पहिला प्रश्न 'तुम्ही कसे आहात' असा येईल. सोलापूरहून इथे येऊन आठ महिने झालेत, पहिला हिवाळा काढलाय, कुटुंब कदाचित अजून तिकडे आहे. 'फाइन, थँक यू' म्हणून पुढे सरकू नका. खरं सांगा, ते त्याच कामासाठी तिथे बसलेले असतात. पहिली नोंद लिहून झाली आणि कुणाकडून डोळ्याखालून घालून घ्यावीशी वाटली, तर रुग्णाचे तपशील काढून मला पाठवा. मी वाचीन.